रानमेवा : टोपलीतला आणि पोटातला



उन्हाळा जवळ आला की आपल्यातील काही जण फोन करून विचारतात, ‘वाडीवरच्या मुलांसाठी सुकवलेल्या ब्लूबेरी, क्रॅनबेरीची पाकिटे पाठवली तर चालतील का? त्यांत फार ताकद असते म्हणतात.’ विचारणाऱ्यांची कळकळ खरी असते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. या अंकाचा अभ्यासपाठ त्यासाठीच घेतला आहे. त्या पाकिटांत जे गुण सांगितले जातात त्यांतले बरेचसे कशेडीच्या उतारावर काटेरी जाळ्यांत दरवर्षी आपोआप पिकतात. ते खाऊनही मुले फिकट का राहतात, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पाकिटात मिळत नाही.

कशेडी घाट पोलादपूर आणि खेड यांच्या मध्ये, रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. मुंबई–गोवा महामार्गाने गावी गेलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वरकस जमिनी, त्यांत करवंदाच्या जाळ्या, मधूनमधून तोरण, आळू, धामण, भोकर, आणि ओढ्याच्या काठाने जांभळी. होळीच्या सुमारास करवंदे हिरवी असतात, ती लोणच्याला आणि चटणीला जातात. पुढे ऊन वाढत जाते तशी ती तांबडी होऊन काळी पडतात. त्याच दिवसांत तोरणाची पांढरी फळे असतात. जांभूळ शेवटी, वळवाचा पाऊस पडायच्या सुमारास. एकदा पाऊस लागला की करवंद पाणचट होते, आत अळी होते आणि हंगाम संपतो.

पोलादपूरहून दुसरा रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यासाठी खोका आहे, लेबल आहे, ठरलेला भाव आहे. खालच्या करवंदाला पानाचा द्रोण आणि ज्याला जमेल तेवढी घासाघीस. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने स्ट्रॉबेरी ही ‘बेरी’ नाहीच, आणि आपले करवंद मात्र अस्सल बेरी आहे.

आता या फळांत असते काय, ते पाहू. पिकल्या करवंदाचा आणि जांभळाचा जो गर्द जांभळा रंग जिभेला आणि बोटांना लागतो, तो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. ब्लूबेरीचा निळा रंगही याच कुळातला. शरीरात सतत तयार होणाऱ्या काही घातक कणांना आवर घालण्याचे काम ही द्रव्ये करतात असे मानले जाते. ब्लूबेरीची सगळी कीर्ती त्यावरच उभी आहे. करवंदात याशिवाय ‘क’ जीवनसत्त्व आहे, थोडे लोह आहे, तंतू आहेत आणि पेक्टिन भरपूर आहे. त्यामुळेच करवंदाचा जॅम बाहेरचे काही न घालता घट्ट होतो. ‘क’ जीवनसत्त्वात मात्र रानातला राजा आवळाच. शंभर ग्रॅम संत्र्यात ते पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर तेवढ्याच आवळ्यात काही शे मिलिग्रॅम. त्याच्या खालोखाल परसातला पेरू. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला तीस-पस्तीस मिलिग्रॅम पुरते. म्हणजे एका आवळ्यात किंवा पेरूच्या दोन-तीन फोडींत त्याचे काम भागते.

‘क’ जीवनसत्त्वावर एवढा भर देण्याचे कारण रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५४.२ टक्के होते. हे सगळ्या राज्याचे आकडे आहेत, शहरे आणि सुखवस्तू घरे धरून. आमच्या भागातले कातकरी हे महाराष्ट्रात विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन आदिवासी गटांपैकी एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. खालची पापणी ओढून पाहिली की वाडीवर लाल आतडी क्वचितच दिसते, हे तिथे काम करणारी कोणतीही आशाताई सांगेल.

रक्तासाठी लोह लागते. मांस-मासळीतले लोह शरीर सहज घेते. नाचणी, डाळ, पालेभाजी यांतले लोह मात्र हट्टी असते. ते आतड्यात पोहोचते, पण त्यातला थोडाच भाग रक्तात जातो आणि बाकीचे तसेच बाहेर पडते. जेवताना सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर हेच लोह विरघळून सहज शोषले जाते. लक्षात घ्या, हे एकाच जेवणात व्हावे लागते. सकाळी आवळा आणि रात्री भाकरी असा हिशेब चालत नाही. नाचणीच्या भाकरीबरोबर पेरूची फोड, आमटीवर शेवटी पिळलेले लिंबू, भाजीबरोबर ताज्या आवळ्याची चटणी, असे हवे. लिंबू उकळत्या आमटीत घालू नये, आच बंद केल्यावर पिळावे, कारण उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व जाते. उन्हात सुकवल्यानेही ते बरेच कमी होते. सुकवलेल्या पाकिटांबद्दल विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि चहा. वाडीवर सकाळी भाकरी असते ती पुष्कळदा कोऱ्या चहात बुडवून. चहातली टॅनिन द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. आईने कष्टाने नाचणी दळून भाकरी केली, अंगणवाडीतून लोहाची गोळी आणली, आणि ती चहाबरोबर घेतली, तर निम्मी मेहनत वाया. चहा सोडा असे सांगणारा कार्यकर्ता वाडीवर फार दिवस टिकत नाही. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा, एवढे सांगितले तर बाया ऐकतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जांभूळ तुरट लागते ते टॅनिनमुळेच. अर्धकच्चे करवंदही तसेच. म्हणून लोहासाठी जांभूळ खा, असा जो प्रचार चालतो तो आम्हाला पटत नाही. जांभूळ जेवणाच्या मधल्या वेळेत खावे, ते चांगलेच आहे. पण जेवणाबरोबर लोह मिळवून देण्याचे काम आवळा, पेरू, लिंबू जास्त चांगले करतात. करवंद खाऊन रक्तक्षय बरा होतो असेही कोणी समजू नये. अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पायातून आत शिरणारे आकडेकृमी रक्त पितात; त्यांच्यावर जंतनाशक गोळीच हवी. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्याच हव्यात. गोळ्या घेऊनही फिकेपणा जात नसेल तर सिकलसेलची तपासणी हवी. आणि ज्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो, ते तीव्र कुपोषित असते. त्याला फळांनी पोट भरवणे म्हणजे घात आहे, कारण फळात पाणी जास्त, आणि त्याला तर तेल, अंडे, डाळ, दूध हवे असते. त्याला आधी आरोग्य केंद्रात न्यायचे.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. जांभळाच्या बियांच्या चूर्णाने साखर उतरते असे घरोघरी ऐकतो आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक ते घेत आले आहेत. त्यात काही गुण असेलही, पण मधुमेह त्याने बरा होत नाही. चूर्ण सुरू केले म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करून पायाची जखम चिघळवून घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. चूर्ण घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावे, म्हणजे साखर एकदम खाली जायचा धोका टळतो.

आता टोपलीकडे वळू. करवंदे काढायला बाया आणि पोरे पहाटे निघतात, कारण ऊन चढले की डोंगर तापतो. जाळीचे काटे दुहेरी असतात, फळ तोडले की पांढरा चीक निघतो, तो हाताला चिकटतो. जाळीखाली फुरसे असते, दगडाखाली विंचू असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले आणि त्यासाठी महाडचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. ते काम याच मुलखात व्हावे हा योगायोग नव्हता. इथल्या माणसांचा हात रोज दगडाखाली आणि जाळीत जातो. एवढे करून भरलेली टोपली दहा वाजेपर्यंत रस्त्यावर येते. विकून जे पैसे येतात त्यांतून तेल, मीठ, चहा-साखर आणि पोरांना बिस्किटाचा पुडा.

हे पाहून शहरातल्या पाहुण्यांना वाईट वाटते. करवंद विकून बिस्कीट घेतात, किती हा अडाणीपणा, असे बोलूनही जातात. एका आईला आम्ही हेच जरा सौम्य शब्दांत विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, पोरं डोंगरातच पोटभर खातात. घरी कशाला आणायची? घरी आणायचं ते तेल.’ तिचे म्हणणे बरोबर आहे. टोपली भरता भरता मुले जेवढे खातात त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नसते. ‘काल मुलाने काय खाल्ले?’ असे विचारले की आई ‘भात’ म्हणते. जाळीतली मूठ तिच्या लेखी खाणे नव्हे, खेळ आहे. आपल्या आहाराच्या पाहण्यांत रानाचा हा वाटा म्हणूनच दिसत नाही, आणि रान गेले तर काय गेले हेही कळत नाही.

आणि हा वाटा आटत चालला आहे. त्याची कारणे वाडीच्या बाहेर आहेत.

पहिले कारण वीटभट्टी. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. परत येतात ती मे महिना सरताना, कधी पहिल्या पावसाबरोबर. म्हणजे आवळा, बोर, तोरण, करवंद या सगळ्यांच्या हंगामात मुले भट्टीच्या धुरळ्यात, जिथे आठवड्याच्या बाजारातला कांदा-बटाटा हीच भाजी. मुले रानात येतात तेव्हा रानात फळ उरलेले नसते.

दुसरे कारण वणवा आणि कुऱ्हाड. गवत चांगले यावे म्हणून लावलेली आग फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरभर पसरते, तेव्हा करवंदी फुलाफळावर असते. वरकस जमिनी विकल्या जातात, कुंपणे पडतात, जेसीबी आधी जाळ्याच उपटतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला, पण तो वनजमिनीवर. रायगडात बऱ्याच करवंदी मालकीच्या डोंगरावर आहेत. तिथे कातकऱ्याला कायद्याचा आधार नाही, मालकाच्या मर्जीचा आहे. जुने मालक कधी अडवत नसत, कारण करवंदाला मालक असतो हीच कल्पना कोणाला नव्हती. सातबारा मुंबईच्या माणसाच्या नावावर गेला की फाटकाला कुलूप लागते.

तिसरे कारण नवे आहे, आणि त्याचा आपल्याला आनंदही आहे. कशेडीचा बोगदा. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास त्यातून हलकी वाहने सोडायला सुरुवात झाली. पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांवर आला. रुग्णवाहिका लवकर पोहोचते, अपघात टळतात. पण घाटाच्या वळणावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईसमोरून आता गाडी जात नाही. बोगद्याच्या तोंडाशी थांबायला जागा नाही, थांबूही नये. मे महिन्यात रोख पैसा देणारे हे एकच काम तिच्याकडे होते, आणि भट्टीची उचल न घेता वाडीवर राहिलेल्या कुटुंबांचा तोच आधार होता. ते गेले तर पुढच्या दिवाळीनंतर तेही कुटुंब भट्टीवर, आणि मुले त्यांच्यासोबत.

आपल्या शास्त्रात याला जवळचा असा एक नियम आहे. लेवीय १९ आणि अनुवाद २४ हे अध्याय घरी उघडून वाचावेत. शेतकऱ्याने शेताचे कोपरे कापू नयेत, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये, जैतुनाच्या आणि द्राक्षांच्या झाडाला दुसऱ्यांदा हात लावू नये. ते परका, अनाथ आणि विधवा यांचे. मराठीत या वेचण्याला ‘सरवा’ असा नेमका शब्द आहे, आणि रूथ बवाजाच्या शेतात गेली ती सरवा वेचायलाच. आमच्याकडे भातकापणीनंतर कातकरी आजही सरवा वेचतात, उंदरांची बिळे खणून त्यांतले भातही काढतात. इथे पाहायची गोष्ट ही की सरवा म्हणजे भीक नव्हे. मालक मूठभर धान्य हातावर ठेवत नाही. तो फक्त अडवत नाही, आणि वेचणारी स्वतःच्या श्रमाने स्वतःच्या घरी नेते. रूथच्या गोष्टीत बवाजाने आपल्या गड्यांना तिला आडकाठी न करण्याची ताकीद दिली, त्याचे मोल मग कळते. अनुवाद २० मध्ये तर युद्धाच्या वेढ्यातसुद्धा फळझाडे तोडायला मनाई आहे.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या कोकणात जमिनी आहेत. काहींनी अलीकडे घेतल्याही आहेत. त्यांना आमची विनंती साधी आहे. कुंपण घालताना बांधावरची करवंदी आणि ओढ्याकाठची जांभळ राहू द्या, जाळरेषा काढून वणवा अडवा, आणि रखवालदाराला सांगून ठेवा की एप्रिल-मेमध्ये टोपली घेऊन आलेल्या बाईला फाटक उघडायचे. एका पाकिटापेक्षा हे देणे मोठे आहे आणि त्याला खर्च नाही.

पाठवायचेच असेल तर काय पाठवावे, हेही सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाला कलमी पेरू, लिंबू आणि शेवग्याची रोपे. झोपडीच्या पाठीला चार हात जागा असते, तिथे ती जगतात; पेरू दोन-तीन वर्षांत धरतो. दुसरे म्हणजे लोखंडी कढया. ॲल्युमिनियमच्या टोपाने त्या घराघरांतून हद्दपार केल्या आहेत. लोखंडी कढईत आंबट कालवण शिजवले की तिच्यातले थोडे लोह अन्नात उतरते. पावसाळ्यात, जेव्हा फळ नसते आणि घरात दाणाही कमी असतो, तेव्हा टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे या रानभाज्या भरपूर असतात. त्या कढईत केल्या आणि वर लिंबू पिळले तर ते ताट शहरातल्या कोणत्याही ‘सुपरफूड’च्या तोडीचे होते. ओढ्याचे मासे आणि मुठेही याच दिवसांत मिळतात, आणि मासळीचा तुकडा भाजीतले लोहही ओढून घ्यायला मदत करतो. हे ज्ञान वाडीला नवे नाही. शेवळे आंबट काकडांशिवाय करत नाहीत हे तिथली लहान मुलगीही सांगेल. घशाला खाज येऊ नये म्हणून ते करतात.

जाता जाता नाताळाच्या केकबद्दल. आपल्या केकवर जी लालभडक ‘चेरी’ असते ती बहुतेक वेळा करवंदच असते. कच्चे करवंद मिठाच्या पाण्यात मुरवून त्याचा रंग घालवतात, बी काढतात, साखरेच्या पाकात शिजवतात आणि वर लाल रंग चढवतात. म्हणजे वर्षानुवर्षे आपण करवंद खात आलो आहोत, फक्त त्यातले सगळे चांगले काढून टाकल्यावर. भगिनी मंडळाने यंदा उन्हाळ्यातच पिकल्या करवंदांचा जॅम करून ठेवावा आणि नाताळात तोच केकमध्ये भरावा. रंग काळपट येईल, चव मात्र विचारू नका.

त्यासाठी मे महिन्यात गावी जाताना वेळ असेल तर बोगदा सोडून जुन्या घाटाने जा. गाडी वळणावर थांबवू नका, पुढे रुंद जागा पाहून बाजूला घ्या. घरून डबा न्या, म्हणजे प्लास्टिकची पिशवी लागणार नाही. ती सांगेल तो भाव द्या. सकाळपासून तिच्या हातात किती काटे गेले ते हात पाहिले की कळते. फळे काळी आणि हाताला मऊ लागणारी घ्या, तांबडी घेऊ नका, त्यांचा चीक ओठांना चिकटतो. घरी आल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवा, रस्त्याची धूळ असते. ती दोन दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, म्हणून जॅम त्याच संध्याकाळी घाला, आणि शेजाऱ्यांना वाटीभर द्यायची असतील तर त्याआधी बाजूला काढून ठेवा.